काचेतला प्राणी कुणाचा: रेखाटणाऱ्याचा की भट्टीपुढच्या कारागिराचा?

गोदाकाठ:
व्हेनिसमधलं पेगी गुगेनहाइम या अमेरिकन कलासंग्राहक बाईंचं घर आता संग्रहालय आहे. तिथे खिडकीत काचेच्या २३ मूर्ती मांडल्यात, मागे ग्रँड कॅनॉलचं पाणी. रेखाटनं पिकासोची, करवून घेणारा एजिदिओ कोस्तांतिनी, साल १९६४. शगाल, ब्राक, माक्स अर्न्स्ट यांनाही काचेकडे वळवलं ते यानेच. पिकासोच्या कागदावरचे प्राणी, रोमन पुराणातले बोकडाच्या पायांचे फौन काचेत उतरले ते याच्या खटपटीमुळे. पण फुंकनळी कोस्तांतिनीच्याही हातात नव्हती. ती होती व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या उस्तादांच्या हातात. सगळ्या जगाला माहीत आहेत ती पहिली दोन नावं.
माझं म्हणणं स्पष्ट आहे. अशा प्रत्येक कामाच्या पाटीवर भट्टीवाल्याचं नाव चित्रकाराच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत हवं. आपल्या नाशिकच्या तांबट लेनमध्ये आयुष्यभर मठारकाम, म्हणजे तांब्या-पितळेवर ठोके देऊन घडणं, करणाऱ्यांची नावं तरी कुणाला ठाऊक आहेत?

चित्रशाळा:
असहमत. मुरानोचे कारागीर काचेचे घोडे, मासे, पक्षी आधीही घडवत होतेच, आणि हातखंडा होता त्यांचा. मग पिकासोच्या मूर्ती पाहायला लोक का थांबतात? त्या रेषेसाठी. अमेरिकन काचकलाकार डेल चिहुलीचं बघा. १९७६ च्या अपघातात एक डोळा गेला, पुढे खांदा निखळला, तेव्हापासून फुंकण्याचं काम त्याची टीम करते आणि तो रेखाटनं करून सांगतो. म्हणून ते काम त्याचं नाही म्हणायचं? घडणावळ चोख द्या, मान द्या. पण कर्ता एकच.

अंबडची भट्टी:
मी प्रयोगशाळेची काचेची उपकरणं बनवतो, म्हणून राहवलं नाही. कागदावर प्राण्याचे चार पाय काढायला चार रेघा लागतात. काचेत पाय बारीक आणि धड जाड असलं की पाय आधी थंड होतो, धड मागे राहतं, आणि जोडावर ताण येऊन तडा जातो. म्हणून पाय कुठे जाड ठेवायचा, कोणता भाग परत आगीत धरायचा, हे सगळं काच मऊ आहे तोवर ठरवावं लागतं. मान चिमट्याने ओढताना तर काही सेकंदच मिळतात; त्यात वळण चुकलं की नवा गोळा घ्या. पुढे साधारण ५०० अंशांवरून हळूहळू निववायचं. घाई केली तर दुसऱ्या दिवशी तुकडे.
यातलं काहीही रेखाटनात नसतं. प्राण्याची मान किती झुकली हे शेवटी कारागिराच्या मनगटाने ठरवलेलं असतं. मग कर्ता एकच कसा?

येवलेकर:
तिघांनीही पैशाचा मुद्दा बाजूला ठेवलाय. आमच्याकडे पैठणीच्या पदरावर मोर-मुनिया विणतात. मोर कसा दिसावा हे नक्षीने ठरतं, पण तार न् तार मोजून तो उभा करतो विणकर. पाटीवर नाव आलं तर त्याला आनंद होईल, नक्कीच. पण साडी दुकानात कितीला गेली आणि मागावर बसणाऱ्याला किती मिळाले, हे आधी बोला. नुसतं नाव देऊन बोळवण करणारे मी पुष्कळ पाहिलेत. मुरानोतही मला पहिला प्रश्न हाच पडतो: मूर्ती पुन्हा विकली गेली तर कारागिराचा त्यात वाटा असतो का?

चित्रशाळा:
अंबडवाल्यांचा मनगटाचा मुद्दा वजनदार आहे. तरी नाव कुणाचं लिहायचं? भट्टीपुढे एकटा उस्ताद नसतो. वितळलेल्या काचेचा गोळा आणणारा वेगळा, दांडी फिरवणारा वेगळा, भट्टीचं दार धरणारा वेगळा. नाशिकचंच उदाहरण घ्या. पांडवलेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे, ठेवलेल्या रकमा कोरल्यात, एकीकडे २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) आणि दुसरीकडे १०००. तिथे श्रेणीचा उल्लेख आहे, एकेका विणकराचा नाही. कार्यशाळेचं नाव लिहिलं की भागतं.

गोदाकाठ:
त्या लेखात विणकर श्रेणी आली ती ठेव सांभाळणारी म्हणून. दान देणाऱ्या उषवदाताचं नाव व्यवस्थित कोरलंय, तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचंही आहे. ती शिल्पं ज्यांनी खोदली त्यांची नावं आज आपण घेऊ शकत नाही. हेच मला खुपतं, आणि तुम्ही तेच उदाहरण उलट बाजूने वापरताय.
कार्यशाळेचं नावही पुरत नाही. कोस्तांतिनीच्या कार्यशाळेला फ्रेंच कवी जाँ कॉक्तोने 'देवदूतांची भट्टी' असं सुंदर नाव दिलं, ते प्रसिद्धही झालं. देवदूत कोण, हे तरी त्यातून कुठे कळतं?
येवलेकर, वाट्याचं अगदी खरं. पण नोंदीत नावच नसेल तर उद्या वाटा मागायला उभा कोण राहणार? म्हणून नाव आधी. सहा जण राबले असतील तर सहाही लिहा. पाटी थोडी मोठी करावी लागेल, एवढंच.

अंबडची भट्टी:
आणि दार धरणाऱ्याचंही लिहा. त्याने क्षणभर उशीर केला तर प्राणी भट्टीतच वाया जातो.