क्युप्रेटची रोधकता कृष्णविवरावरून काढता येईल का?

प्रश्न:
अनेक क्युप्रेट अतिवाहकांची (तांबे-ऑक्सिजनच्या थरांचे पदार्थ, जे थंड केल्यावर रोधाविना वीज वाहून नेतात) रोधकता संक्रमण तापमानाच्या (ज्याच्या खाली अतिवाहकता येते) वर तापमानाच्या सम प्रमाणात वाढत जाते आणि इलेक्ट्रॉनांना जवळपास स्वतंत्र कण मानणारा नेहमीचा सिद्धान्त तिथे अपुरा पडतो. १९९७ साली भौतिकशास्त्रज्ञ माल्डासेना यांनी मांडलेल्या होलोग्राफिक द्वैतामुळे प्रबल आंतरक्रियांचे गणित एक मिती जास्त असलेल्या अवकाशातील कृष्णविवराच्या गणितात बदलते, असे वाचनात आले. या मार्गाने एखाद्या ठरावीक क्युप्रेटची रोधकता काढता येईल का?

प्रतिसाद १:
ठरावीक पदार्थाचा आकडा निघणार नाही. गुरुत्वाकर्षणाची बाजू अभिजात, म्हणजे सोडवण्याजोगी, होण्यासाठी क्षेत्रसिद्धान्तातील (म्हणजे द्वैताच्या दुसऱ्या, प्रबल आंतरक्रियांच्या बाजूतील) अंतर्गत घटकांची संख्या फार मोठी असावी लागते, आणि तांबे-ऑक्सिजनच्या थरांतील इलेक्ट्रॉनांमध्ये तसे काही नाही. तरीही ही पद्धत मला मोलाची वाटते, कारण वास्तव काळातील प्रतिसाद तिच्यातून थेट मिळतो, जो काल्पनिक काळात (काळाला गणिती काल्पनिक संख्या मानून) चालणाऱ्या माँटे कार्लो, म्हणजे यादृच्छिक नमुन्यांवर आधारित, गणनेतून काढणे अतिशय अवघड असते. समतोल ढळवणारा क्षोभ कृष्णविवराच्या क्षितिजात शिरून विरतो आणि त्याला लागणारा काळ साधारण ħ/k_BT इतका येतो (ħ हा प्लँकचा स्थिरांक भागिले 2π, k_B बोल्ट्झमनचा स्थिरांक, T तापमान). ३०० केल्विनला तो सुमारे २५ फेम्टोसेकंद भरतो. क्युप्रेटच्या रोधकतेवरून काढलेला विश्रांतिकाळही (इलेक्ट्रॉनांचा प्रवाह विरायला लागणारा काळ) याच पातळीचा आहे. श्यानता (द्रवाचा चिकटपणा) आणि एन्ट्रॉपी घनता (एकक आकारमानातील अव्यवस्थेचे माप) यांचे कोव्हटुन, सॉन आणि स्टारिनेट्स यांनी दिलेले ħ/4πk_B हे गुणोत्तर (२००५) असेच बोलके आहे: क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा (अणुकेंद्रांच्या अतिऊर्जा टकरींत क्षणभर बनणारा द्रव) त्याच्या जवळ जातो, प्रबल आंतरक्रिया असलेला अतिशीत लिथियम वायूही फार दूर राहत नाही. मात्र ही निरपवाद किमान मर्यादा नव्हे. गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांत अवकाशाच्या वक्रतेच्या उच्च घातांची पदे घेतली की ती मोडते.

प्रतिसाद २:
एक अडचण राहून गेली. साध्या कृष्णविवराच्या प्रतिमानात संवेग अक्षय्य असतो, त्यामुळे विद्युतभार घनता शून्य नसेल तर एकदिश (डीसी) वाहकता अनंत येते. संवेग मुरवण्यासाठी जालक (स्फटिकासारखी नियमित रचना) किंवा अॅक्सिऑन क्षेत्रे (तोच परिणाम साधणारी सोपी क्षेत्रे) बाहेरून घालावी लागतात आणि रोधकतेचा तापमानाशी संबंध त्या निवडीवर ठरतो. म्हणून केवळ सरळ रेषा मिळाली एवढ्यावर समाधान मानू नये. क्युप्रेटमध्ये हॉल कोनाची (चुंबकीय क्षेत्रात प्रवाह आणि विद्युत क्षेत्र यांच्यातील कोनाची) कोटॅन्जंट तापमानाच्या वर्गाप्रमाणे बदलते. दोन्ही गोष्टी एकाच प्रतिमानातून, सोयीस्कर जुळवाजुळव न करता, निघाल्या तर ती खरी कसोटी.

प्रश्नकर्ता:
मग अभ्यासाची सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १:
सचदेव-ये-कितायेव प्रतिमानापासून, ज्यात अनेक कण एकमेकांशी यादृच्छिक जोडणीने आंतरक्रिया करतात. १९९३ च्या मूळ कल्पनेला कितायेव यांनी २०१५ मध्ये सोपे रूप दिले. त्यात टिकाऊ कणसदृश उत्तेजने (क्वासिपार्टिकल) नाहीत, तरी ते घटकसंख्या मोठी असताना सोडवता येते, त्यामुळे कृष्णविवराशी असलेले नाते दोन्ही बाजूंनी पडताळून पाहता येते.