किंग लिअरचं रेकॉर्डिंग, मुलगी 13 ची, सही करू का?

लेस्टरची_आई
नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतेय कारण शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचाय. लेकीच्या शाळेत ड्रामाच्या तासाला शेक्सपिअरच्या किंग लिअर नाटकाचं रेकॉर्डिंग दाखवणार आहेत, लंडनच्या नॅशनल थिएटरचा 2014 चा प्रयोग, लिअर सायमन रसेल बील आणि दिग्दर्शक सॅम मेंडिस. पालकांची सही हवी म्हणून पत्र आलंय, त्यात एकच ओळ, की तीव्र हिंसा, रक्त आणि मानसिक आजाराचं चित्रण आहे. मी लिअर वाचलं ते कॉलेजात, विंदांचा अनुवाद, त्यामुळे ग्लॉस्टर नावाच्या म्हाताऱ्या सरदाराचे डोळे काढतात हे माहितीय, पण वाचणं वेगळं आणि डोळ्यासमोर होताना बघणं वेगळं ना. आणि अजून एक, माझे बाबा सध्या आमच्याकडेच असतात, त्यांना डिमेन्शिया आहे, आणि लेक त्यांच्या फार जवळची आहे. तर ही 'तीव्र हिंसा' म्हणजे नक्की किती? कुणी बघितलाय का हा प्रयोग?

क्रॉयडनचा_नाटकवेडा
मी बघितलाय, थिएटरात नाही, सिनेमा हॉलमध्ये लाइव्ह दाखवला होता तेव्हा. ताई, स्पष्टच सांगतो. डोळे काढायचा सीन वाइनच्या तळघरात आहे आणि हत्यार म्हणजे कॉर्कस्क्रू. नाट्यगृहात मागच्या रांगेतून तुम्हाला फक्त एक माणूस खुर्चीत तडफडताना दिसला असता, इथे कॅमेरा जवळ जातो, चेहरा दिसतो, आणि नजर कुठे वळवायची हे तुमच्या हातात राहत नाही. नाटकाच्या रेकॉर्डिंगचा वयाचा सल्ला बघताना लोक हे विसरतात, की प्रयोगाला जे वय चाललं तेच पडद्याला चालेल असं नसतं.
पण मला खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. मूळ नाटकात लिअरचा विदूषक तिसऱ्या अंकात नुसता गायब होतो, त्याचं पुढे काय झालं ते शेक्सपिअर सांगतच नाही. मेंडिसच्या प्रयोगात लिअर स्वतः त्याला मारून टाकतो, भ्रमात, बाथटबमध्ये, झोडपून. ज्याच्यावर सगळ्यात जास्त माया त्यालाच, आणि नंतर त्याला त्याचा पत्ताही नसतो. हे विंदांच्या अनुवादात सापडणार नाही कारण संहितेतच नाहीये. आणि याला लागूनच पुढचा प्रवेश डोळ्यांचा, म्हणजे दोन्ही सलग. तेव्हा नुसतं 'लिअर चालेल का' असं विचारून उपयोग नाही, कुठला लिअर ते बघायला लागतं. इयान मॅकेलनच्या 2007 च्या प्रयोगात तो वादळात सगळे कपडे उतरवायचा, तिथे पालकांचा प्रश्न वेगळाच असणार.

शाळामास्तरीण
मी इथे सेकंडरीला शिकवते म्हणून थोडं नियमांचं. 12ए, 15, 18 ही वयाची वर्गवारी बीबीएफसीची, म्हणजे इथल्या सेन्सॉर बोर्डाची, आणि ती बंधनकारक आहे सिनेमा हॉलमध्ये आणि डीव्हीडी विकताना. शाळेत 15 चं काही 13 वर्षांच्या मुलांना दाखवलं तर गुन्हा होत नाही, म्हणून तर पालकांची सही घेतात. लाइव्ह प्रक्षेपणाला आधी वर्गवारी मिळणंच शक्य नाही कारण नाटक अजून व्हायचं असतं, तिथे जे वय लिहिलेलं असतं तो थिएटरवाल्यांचा स्वतःचा सल्ला.
शब्दांचं म्हणाल तर बीबीएफसीच्या भाषेत 'सौम्य' म्हणजे साधारण पीजी, 'मध्यम' म्हणजे 12, आणि 'तीव्र' आलं की 15 किंवा त्याच्या पुढे. 12 ला रक्ताचा एखादा क्षण चालतो पण कॅमेरा तिथे रेंगाळायला नको. आता शाळेच्या पत्रातला 'तीव्र' याच अर्थाने आहे की कुणी आपल्या मनाने लिहिलाय ते शिक्षकांना विचारा. हेही विचारा की पूर्ण दाखवणार की निवडक प्रवेश, कारण तीन तासांच्या वर जाणारं नाटक आहे, मी असते तर तुकड्यातुकड्यांनी दाखवलं असतं.

सदाशिवपेठी_काका
माझं मत विचाराल तर सही करू नका. 13 हे वय लहान आहे. आपल्याकडेही आता सेन्सॉरने यूए मध्ये 7+, 13+ आणि 16+ असे भाग केलेत, आणि मी हे डोळ्यांनिशी 16+ मध्येच टाकेन. आणि रक्ताचं सोडा हो, धाकट्या मुलीचं, कॉर्डेलियाचं, प्रेत हातात घेऊन लिअर येतो ते मोठ्यांनाही झेपलेलं नाही. नेहम टेट नावाच्या कवीने 1681 मध्ये शेवटच बदलून तिला जिवंत ठेवलं आणि इंग्लंडात दीडशेच्या आसपास वर्षं तेच गोड लिअर चालत होतं. शेक्सपिअरचा संपादक डॉ. जॉन्सन तर लिहून गेलाय की तिच्या मृत्यूचा एवढा धक्का बसला की संपादन करायची वेळ येईपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचवले नाहीत. आणि आपण वर्गातल्या पोरांना एका ओळीच्या पत्रावर बसवणार!

मीनल_ब
काका, मला पटत नाही. मुलगी न बघता राहील आणि वर्गातल्या बाकीच्या तिला सांगतील, ते जास्त वाईट.
ताई, आमच्याकडे सासूबाईंना हाच आजार होता म्हणून लिहितेय. बीलने या भूमिकेसाठी ल्यूई बॉडी डिमेन्शियाचा अभ्यास केला होता, आणि ते दिसतं, हातांची अस्वस्थ हालचाल, मधेच एकदम संताप, मग एकदम लहान मुलासारखं होणं. माझ्या मुलाने डोळ्यांचा सीन तोंडावर हात ठेवून काढला आणि नंतर विसरला. पण चौथ्या अंकात लिअर जागा होतो आणि समोर बसलेली मुलगी आपली आहे का हेच त्याला कळत नसतं, तिथे तो उठून बाहेर गेला. पत्रात 'मानसिक आजार' या दोन शब्दांत हे सगळं बसवलंय, आणि तुमच्या लेकीसाठी तेच सगळ्यात जड असणार. आधी सांगून ठेवा तिला, विदूषकाचं पण सांगा. नाटक थोडं फुटेल, फुटू दे.

लेस्टरची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. विदूषकाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं, आमच्याकडे बाबा कधीकधी आईवर हात उगारतात आणि लेकीने ते बघितलंय, त्यामुळे ते वाचून मी थांबलेच. काका, तुमचं म्हणणं कळतंय, पण मी तिलाच विचारणार आहे, आज रात्री बाबा झोपल्यावर दोन्ही प्रवेश जसे आहेत तसे सांगते. शिक्षकांनाही मेल टाकलाय की तिला दाराजवळ बसू द्या आणि न विचारता बाहेर जाता आलं पाहिजे. ते हो म्हणाले आणि तिलाही बघायचं असेल तर सही करेन.

शाळामास्तरीण
मेलमध्ये घरी आजोबा आजारी आहेत हे पण लिहा ताई. शिक्षकांना माहीत असेल तर ते नंतरच्या चर्चेत तिला एकदम प्रश्न विचारणार नाहीत.