विनोदी सिनेमाचं मेकिंग: दाखवावं की झाकलेलं बरं?

रंकाळ्याचा वारा: ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) घराघरात पाठ आहे. पण तो कसा घडला, हे आपण बहुतेक मुलाखतींतल्या आठवणींवरच ऐकतो. आताच्या कौटुंबिक विनोदी सिनेमांचं मेकिंग येतं खरं, पण त्यात केक कापणं आणि ‘आम्ही सगळे एक फॅमिली’. फाळक्यांनी १९१७ मध्येच सिनेमा कसा तयार होतो यावर लघुपट काढला होता. शंभर वर्षांत आपण केकपर्यंत आलो. सेटवरची खरी खटपट दाखवणारे माहितीपट व्हायला हवेत.

कटवाला: नको रे बाबा. सोफ्यावरून माणूस पडला की पोरं खिदळतात. खाली गादी होती आणि आठव्या टेकला जमलं, हे सांगितलंस की पुढच्या वेळी गादीच शोधत बसणार.

राजारामपुरी गल्ली: मग तात्या विंचूचं काय? ‘झपाटलेला’मधला (१९९३) बाहुला रामदास पाध्यांचा, हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक. तरी माझी भाची बाहुली कपाटात कोंडूनच झोपते.

कटवाला: ती भीती झाली भावा. भीती माहीत असूनही वाटते. हसू एकदा फुटलं की गेलं.

लाईटदादा: कोल्हापुरात मोरेवाडीला चित्रनगरीत लाईटवर काम केलंय, म्हणून बोलतो. सिंक साऊंड, म्हंजे शूटिंगलाच आवाज रेकॉर्ड होणार असला, की आमाला हसायची चोरी, टॉवेल तोंडात कोंबून उभं ऱ्हायचं. जुनी माणसं सांगायची, रिळाचं ४०० फुटांचं मॅगझिन, म्हंजे कॅमेऱ्यावरचा फिल्मचा डबा, साडेचार मिनिटांत संपायचं. रीटेक म्हंजे पैसा, म्हणून तालमीवर तालमी. वर बऱ्याच सिनेमांत आवाज नंतर डब. सेटवर जमलेला विनोदाचा पंच बंद खोलीत, ओठ जुळवत, परत मारायचा. हसायला समोर कुणी न्हाई. हे दाखवा की! केक कोण बघतंय?

उत्तरेश्वर पेठ: दाखवेल कोण? मेकिंगचा पैसा निर्मात्याचा. नटानं दिग्दर्शकाला झापलेलं तो ठेवेल होय? आणि दुसरा कॅमेरा लागला की नट त्याच्यापुढंही अभिनय करतात. त्याला माहितीपट म्हणायचं नाही, जाहिरात म्हणायचं.

रंकाळ्याचा वारा: शूटिंग करून ठेवा, पण सिनेमा लागून दहा वर्षं झाल्यावर बाहेरच्या माणसाकडून जोडून घ्या. तोवर कुणाला कुणाची भीड उरत नाही.

कटवाला: दहा वर्षांनी चालेल. सिनेमाच्या आधी नको, एवढंच. हल्ली निम्मे पंच मेकिंगमध्येच फुटलेले असतात.

लाईटदादा: दहा वर्षांनी आमची नावं तरी घालणार का त्यात?