'आधी बाई, मग वंश' : अमेरिकेतल्या विद्यापीठांची महिला मंडळं

विदर्भकन्या
कालच्या धाग्यात इलिनॉयकर ताईंनी लिहिलं : "विद्यापीठातलं महिला मंडळ बायकांसाठी असतं. तिथे काळं-गोरं आणलं की फूट पडते. आधी बाई म्हणून एक व्हा, बाकीचं मागाहून." तिथेच दोन ओळी लिहिणार होते, पण हे 'मागाहून' फारच डोक्यात गेलं.

मागाहून म्हणजे कधी? पदवीधर बायकांची अमेरिकन संघटना ए.ए.यू.डब्ल्यू. (अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन) १८८१ पासूनची. तिच्या वॉशिंग्टन शाखेने १९४६ मध्ये मेरी चर्च टेरेल यांना कृष्णवर्णीय म्हणून सभासदत्व नाकारलं. ओबर्लिनची १८८४ ची पदवी, आयुष्य शिक्षणात आणि चळवळीत गेलेलं, वय ऐंशीच्या पुढे. केंद्रीय संघटनेने दटावलं तर शाखा कोर्टात गेली आणि १९४९ मध्ये जिंकलीसुद्धा! दार उघडलं ते त्याच वर्षी सिअ‍ॅटलच्या अधिवेशनात उपनियम बदलल्यावर. भगिनीभाव काय, त्याआधीही होताच.

आज उपनियम कुणाला अडवत नाहीत, वेळापत्रक अडवतं. बैठक दुपारी १२ ते १, 'डबा घेऊन या'. प्राध्यापिका येतात. रजिस्ट्रार, प्रवेश विभाग, वसतिगृह इथल्या तासावर पगार घेणाऱ्या बायकांची जेवणाची सुट्टी बहुधा अर्धा तास आणि बिनपगारी. उरलेल्या अर्ध्या तासाला साहेबाची परवानगी. कृष्णवर्णीय बायका प्राध्यापकांत कमी आणि या खुर्च्यांवर जास्त, म्हणून खोलीत कोण दिसतं ते बघा. उपाय साधा आहे : बैठक कामाचे तास धरली जाईल असं विभागप्रमुखांकडून लेखी घ्या, आणि वेळ आलटून पालटून ठेवा.

इलिनॉयकर
पाऊणशे वर्षांपूर्वीचं उकरून आजच्या बायकांना आरोपी करायचं, छान. वेळेचं बोलता ते ठीक, पण तुमच्याच बाजूचे लोक कार्यकारिणीत दोन जागा वंशावर राखून ठेवा म्हणतात त्याचं काय? विद्यापीठाची खोली, पैसा, ईमेल यादी वापरणाऱ्या मंडळाला वंशभेदाला मनाई करणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा लागू होतो. आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश धरायला मनाई केली त्या जून २०२३ च्या हार्वर्ड निकालानंतर तर कुठलंही विद्यापीठ अशा ठरावाला हात लावणार नाही. उगाच मंडळच बंद पाडाल.

टेक्ससची सून
जागा राखता येणार नाहीत, मान्य. आमच्या राज्यात तर एस.बी. १७ या कायद्यामुळे १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांतली विविधता-समावेशनाची कार्यालयंच बंद. पण जागा न राखताही बरंच होतं, फक्त कुणाला कंटाळवाणं काम करायचं नसतं.

मंडळाच्या नियमांत ती ओळ शोधा : 'अध्यक्षपदासाठी कार्यकारिणीचा दोन वर्षांचा अनुभव'. निरुपद्रवी वाटते ना? ज्येष्ठतेची अट काय करते ते बघा. जनरल मोटर्सने १९६४ आधी कृष्णवर्णीय बायका घेतल्याच नव्हत्या. पुढे मंदीत ज्येष्ठतेने कपात झाली आणि १९७० नंतर लागलेल्या सगळ्या गेल्या. त्यांनी खटला भरला तर १९७६ मध्ये कोर्ट म्हणालं, कंपनीने बायका घेतल्यात, कृष्णवर्णीयही घेतलेत, मग तक्रार कसली? बायका म्हणजे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय म्हणजे पुरुष, हे कुणी बोललं नाही. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये बोट ठेवलं ते इथेच.

तेव्हा ती अट काढा. स्वतःचं नाव स्वतः सुचवता येऊ द्या, अर्ज निदान दोन आठवडे खुले ठेवा, आणि पदाचं काम किती आहे ते तासांत लिहा. मार्गदर्शनाचे तास वार्षिक मूल्यमापनात धरायला लावा, नाहीतर त्याच दोघी-तिघी कृष्णवर्णीय प्राध्यापिका प्रत्येक समितीवर 'दिसायला' बसतात आणि बढतीच्या वेळी त्यांचे पेपर कमी भरतात.

कोकणी माणूस
वा वा. अमेरिकेच्या वंशावर सगळ्या तज्ज्ञ. त्याच विद्यापीठातल्या देशी प्राध्यापिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात नवीन मुलगी आली की पहिले तीन प्रश्न : आडनाव काय, मूळ गाव कुठलं, व्हेज का? त्यावर कोण बोलणार?

इलिनॉयकर
आला जातीचा मुद्दा! कॅलिफोर्नियाचे राज्यपाल न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जातिभेदाला मनाई करणारं विधेयक नाकारलं, विषय संपला. व्हेज विचारलं तर स्वयंपाकासाठी विचारतात हो.

कोकणी माणूस
स्वयंपाकासाठी आडनाव लागतं का? आणि नाकारताना न्यूसम यांनी कारण काय दिलं तेही सांगा : जातीवरून भेदभाव आधीच्या कायद्यांतच बसतो. म्हणजे तक्रार करता येते. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅल स्टेटने (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात घातली ती उगाच नाही. तक्रारीच्या फॉर्मवर 'जात' नसेल तर मुलगी कुठे टिक करणार? 'वंशपरंपरा' हा रकाना तिच्यासाठीच आहे हे तिला कोण सांगणार? तुमचं मंडळ?

इलिनॉयकर
प्रत्येक हिंदू प्राध्यापिकेला संशयित करून ठेवा मग. कॅल स्टेटवर दोन प्राध्यापकांनी खटला भरला तो याचसाठी.

विदर्भकन्या
धागा महिला मंडळाचा आहे, पण आता निघालंच आहे तर. कॅल स्टेटच्या धोरणात जात कुठल्या रकान्यात आहे? वंश आणि वांशिकतेच्या. तुमचं 'वंश आणू नका' तिथेच कोसळतं. आणि जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, गुलाम मुक्त केले म्हणून. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून त्यांना दिसलं, तुम्हाला शिकागोत दिसत नाही.

टेक्ससची सून
फुले इथे सगळ्यांना पाठ, इतिवृत्त मात्र कुणी लिहीत नाही. व्हॉट्सअ‍ॅप गट खासगी आहे, त्याला धोरण लावता येणार नाही, पण त्याच गटातून मंडळासाठी नावं ठरत असतील तर ती पद्धत बंद करता येते. नावं खुल्या फॉर्मवरूनच घ्यायची, तोंडी शिफारस बाद.

इलिनॉयकर
बारा वाजताच्या बैठकीचं आणि दोन वर्षांच्या अटीचं लिहून आणा, अनुमोदन देते. फुल्यांचं व्याख्यान परिशिष्टात टाका. व्हेजचा प्रश्न मी विचारणारच, घरी पन्नास लोक जेवायला असतात.

कोकणी माणूस
विचारा. आडनावाआधी विचारा फक्त.