लॅब्रॉडॉरचा विमा काढावा, की तेवढे पैसे बाजूला टाकावेत? (सातारा)

माहुलीकर

लॅब्रॉडॉर, मादी, पिवळी. वय १ वर्ष ४ महिने, वजन २६ किलो. घर संगम माहुलीच्या बाजूला, कंपाउंडच्या मागे उसाचं रान. लसी झाल्यात, नसबंदी बाकी, मायक्रोचिप नाही.

एजंटनं दिलेलं कोटेशन असं: विमा रक्कम ४०,०००, जीएसटी धरून वर्षाला ४,२००. त्यात शस्त्रक्रिया आणि दाखल करून उपचार, मृत्यू, हरवणं आणि तिसऱ्या व्यक्तीला झालेली इजा. एका आजाराला विमा रकमेच्या निम्म्यापर्यंतच मिळणार. को-पे (मंजूर रकमेतला आपला वाटा) २० टक्के. ओपीडी हवी असेल तर वेगळे १,९००. तिची वर्षाची मर्यादा ६,०००, दर भेटीला पहिले ५०० आपले.

घ्यावा का? ओपीडी जोडावी का? आणि क्लेम नक्की कुठं अडतो?

उसातली वाट

विमा चांगला की वाईट, हा विचार नंतर. आपल्या भागात कुत्र्याला काय काय होतं आणि त्यातलं कुठलं बिल या पॉलिसीत बसतं, ते आधी बघा.

सगळ्यात जास्त फेऱ्या होतात त्या गोचीडतापाच्या. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. रक्त तपासायचं, एर्लिचिया (गोचिडातून येणारा जंतू) निघाला तर डॉक्सीसायक्लिन २८ दिवस. बहुतेक वेळा कुत्रं घरीच असतं, म्हणजे हे सगळं ओपीडीत गेलं. मूळ पॉलिसीतून छदामही नाही. खाज, कान वाहणं, जंताचं औषध, लसी, दात साफ करणं, नसबंदी यांना तर जवळपास कुठलीच पॉलिसी हात लावत नाही.

मग उरतं काय? ऑपरेशन. हायवेवर गाडीची धडक, गुडघ्याचा लिगामेंट तुटणं, गिळलेला मोजा आतड्यात अडकणं (लॅब काहीही गिळतं), आणि मादी असेल तर पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू होणं. हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, या जातीत पुष्कळ दिसतो, पण तो आनुवंशिक. ‘जन्मजात व आनुवंशिक विकार वगळून’ ही ओळ तुमच्या कागदात आहे का, ते आधी शोधा. ती असेल तर लॅबचा एक मोठा खर्च विकत घेण्याआधीच गेला.

आता आकडे. समजा ऑपरेशन आणि तीन दिवस दाखल, बिल ३०,०००. खाद्य, कापूस, सर्टिफिकेटची फी असलं न मिळणारं २,५०० वजा, उरले २७,५००. एका आजाराची मर्यादा २०,०००, म्हणून इथंच ७,५०० कापले गेले. त्यावर २० टक्के को-पे. हातात १६,०००, खिशातून १४,०००. चार वर्षांचा प्रीमियम १६,८०० होतो. म्हणजे चार वर्षांत एकदा असं बिल आलं तर कुठं बरोबरी. एजंट ४०,००० चा आकडा मोठ्या अक्षरात दाखवतो. खरा आकडा तो निम्म्याचा आहे.

ओपीडी सोडून द्या. भेटीचं बिल ९०० धरलं तर ५०० तुमचे, उरलेल्या ४०० वर को-पे, मिळाले ३२०. १,९०० वसूल व्हायला वर्षात सहा वेळा जावं लागेल, आणि सहाही वेळा कागद पाठवावे लागतील.

मागं ऊस आहे म्हणून एक जास्तीचं. घोणस, नाग चावणं हे ‘अपघात’ धरतात की नाही, ते ईमेलवर विचारून घ्या. अँटिव्हेनमचा डोस कुत्र्याच्या वजनावर नसतो, अंगात किती विष गेलंय त्यावर असतो. लहान कुत्रं म्हणून औषधाच्या कमी व्हायल (कुप्या) लागतील असं नाही. घोणशीच्या विषानं रक्त गोठत नाही, मूत्रपिंडावर परिणाम होतो, त्यामुळं दोन-चार दिवस सलाइनवर ठेवावं लागतं. तुमच्या जागेवर मला पॉलिसीची खरी गरज या एका कलमापुरती वाटते.

कागदी घोडा

वरचा हिशोब बरोबर आहे, पण तो क्लेम पास झाला तर. आपल्याकडं तो अडतो कागदावर.

पहिलं, लसीचं कार्ड. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो, हिपॅटायटिस, रेबीज हे आजार लस चालू असेल तरच धरतात. कार्डावर बॅच नंबरचं स्टिकर, तारीख, सही आणि शिक्का हवा. नुसतं ‘लस दिली’ असं पेनानं लिहिलेलं चालत नाही. वार्षिक बूस्टर १२ तारखेला होता, तुम्ही पुढच्या महिन्यात दिला आणि मधल्या दिवसांत आजार झाला, तर तो क्लेम गेला म्हणा.

दुसरं, बिल कोणाचं. गावाकडं गाई-म्हशींना बघायला येणारा माणूसच कुत्र्यालाही सुई टोचून जातो. त्याच्या हाताला गुण असेल, पण विम्याला पशुवैद्यक परिषदेकडं नोंदणी असलेला डॉक्टर लागतो आणि त्याचा नोंदणी क्रमांक बिलावर व केस पेपरवर दोन्हीकडं लागतो. ‘दवाखाना खर्च रु. ३,०००’ अशी चिठ्ठी पाठवलीत तर परत येईल. तपासणी, सलाइन, औषधं, दाखल केल्याचे दिवस, सगळं सुटं लिहून घ्या. सरकारी दवाखान्यात दाखवलं आणि औषधं मेडिकलमधून आणली तर चिठ्ठी आणि पावतीवरची नावं जुळली पाहिजेत.

तिसरं, ओळख. पिवळ्या लॅब सगळ्या सारख्याच दिसतात, विमा कंपनीलाही ते माहीत आहे. चिप बसवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी असते, दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली सुईनं सोडतात, आत १५ आकडी नंबर असतो. रीडर फिरवला तरच तो दिसतो. तिचा जीपीएस नसतो, कुत्रं हरवलं तर मोबाइलवर ठिकाण दिसेल या भ्रमात राहू नका. तोच नंबर पॉलिसीवर, लसीच्या कार्डावर आणि प्रत्येक केस पेपरवर लिहून घ्या.

मृत्यूच्या क्लेमला शवविच्छेदन लागतं आणि तिथंच बहुतेकांचं चुकतं. माणसं रडत रडत रानात पुरून मोकळी होतात. पुरण्याआधी कंपनीला कळवा, फोटो काढा, पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांना गाठा. रविवार आला तर शरीर बर्फाच्या पिशव्यांत ठेवा, पण गोठवू नका. गोठलेल्या अवयवांचा तपास नीट होत नाही. मोठं ऑपरेशन किंवा गुंतागुंतीची केस असेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय साताऱ्याहून साधारण ६० किलोमीटरवर आहे.

नाकारलं तर कारण लेखी मागा. आधी कंपनीचा तक्रार अधिकारी, मग विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल, त्यानंतर पुण्याचे विमा लोकपाल. लोकपालांकडं फी नाही, वकील लागत नाही. कंपनीनं नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं.

मिरज बाजू

दोघांनीही तिसऱ्या व्यक्तीच्या कलमाबद्दल काहीच लिहिलं नाही. माझ्या मते ४,२०० द्यायचेच असतील तर ते त्यासाठी. लॅब चावकी जात नाही मान्य, पण २६ किलोचं कुत्रं गेटबाहेर सुटलं आणि दुधवाला सायकलवरून पडला की दवाखान्याचा खर्च तुमच्या दारात येतो. फक्त एवढं समजून घ्या की विमा भरपाई देतो, दंड नाही. प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यातलं काहीही कंपनी उचलत नाही. घरचे लोक आणि घरातले गडी-कामवाल्या या ‘तिसऱ्या व्यक्तीत’ येतात का, ते विचारा. बहुधा येत नाहीत.

आणि लेप्टो हलक्यात घेऊ नका. तुम्हीही कृष्णाकाठचेच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीत जे पाणी गल्लीबोळांत उभं होतं, तसल्या पाण्यात उंदरांच्या मुताबरोबर हा जंतू पसरतो आणि तो माणसालाही होतो. त्याची लस वर्षानंतर टिकत नाही, म्हणून बूस्टर पावसाळ्याच्या आधी, मेमध्ये बसेल असं बघा.

आमच्या तासगाव-मिरज पट्ट्यात आणखी एक भानगड: द्राक्षं आणि बेदाणा. कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही. बेदाण्याचा डबा फोडलेला दिसला तर लक्षणांची वाट न बघता दोन तासांच्या आत डॉक्टरकडं, उलटी करवायला. विषबाधेचं कलम वाचताना ‘चुकून खाल्लं’ आणि ‘कुणी घातलं’ यात कंपनी फरक करते का, तेही बघा. शेताकडेला थिमेट (विषारी कीटकनाशक) पडलेलं असतं, ते कुणी मुद्दाम टाकलं की नाही हे सिद्ध कसं करणार?

माहुलीकर

ओपीडी रद्द. दोन गोष्टी राहिल्या. मादी गेल्या महिन्यात माजावर येऊन गेली. नसबंदी आधी करू की पॉलिसी आधी? आणि शेतावर आठ वर्षांचा कारवानी जातीचा कुत्रा आहे, त्याचंही एजंट म्हणतोय.

उसातली वाट

कारवानीला नको. आठव्या वर्षी बहुतेक कंपन्या नव्यानं घेतच नाहीत, आणि घेतला तरी वंशावळीचा कागद नसल्यानं बाजारभाव कमी धरतील आणि विमा रक्कम तेवढीच. त्याच्या नावानं पोस्टात महिना ३०० ची आरडी उघडा.

मादीचं जरा घाईचं आहे. माजानंतर साधारण चार ते आठ आठवडे हाच पायोमेट्राचा काळ, आणि आज पॉलिसी घेतली तरी आजाराला ३० दिवसांची प्रतीक्षा असते. म्हणजे धोक्याच्या बऱ्याच दिवसांत विमा असून नसल्यासारखा. पाणी किती पिते ते रोज बघा. एकदम तहान वाढली, मलूल झाली, योनीतून पू आला, किंवा पू न येता पोट फुगलं तर त्याच दिवशी सोनोग्राफी. पू आत कोंडलेला प्रकार जास्त वाईट, कारण बाहेरून काहीच दिसत नाही.

सगळं ठीक असेल तर माजानंतर दोन-तीन महिन्यांनी नसबंदी. तोवर गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतील, चिप त्याच भुलीत बसवून घ्या. जखम पूर्ण भरल्यावरच तंदुरुस्तीचं सर्टिफिकेट घ्या आणि मग पॉलिसी. टाके असताना सर्टिफिकेट घेतलंत तर ‘उपचार चालू’ असा शेरा पडतो, आणि पुढं पोटाचं काहीही निघालं की कंपनी तोच शेरा काढून दाखवते.