दोन फिल्म्सच्या मधली वर्षं

स्वतःच्या बळावर फिल्म्स करणारे आणि जोडीला चित्रं, छायाचित्रं, मांडणशिल्पं (इन्स्टॉलेशन) करणारे आपल्यात बरेच जण आहेत. पुरस्कार मिळाला की अभिनंदन होतंच. मला ऐकायचंय ते त्याच्या अलीकडचं नि पलीकडचं. एक फिल्म हातावेगळी होते आणि पुढचीसाठी पैसे उभे राहीपर्यंत तीन-चार वर्षं जातात. ती तुम्ही कशी काढलीत? सुरुवात मी करते, पुढे एकेकाने लिहा.

मी मूळची चित्रकार. पहिली फिल्म कोळशाने काढली. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम्स जातात; एक चित्र दोन फ्रेम्स धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. सहा मिनिटांना चार हजारांवर. दर वेळी नवा कागद न घेता त्याच चित्रातलं थोडं खोडायचं, थोडं वाढवायचं आणि पुन्हा फ्रेम टिपायची, ही रीत दक्षिण आफ्रिकेचा चित्रकार विल्यम केंट्रिजच्या कामातून शिकले. खोडलेल्याचा धूसर माग कागदावर राहतो आणि तोच पडद्यावर हलतो. अख्ख्या फिल्मचे शेवटी २३ कागद उरले. महोत्सवांतून ती दीड वर्ष फिरली, पैसा काही आला नाही. मग त्या कागदांचं प्रदर्शन भरवलं. अकरा विकले गेले, ध्वनिमिश्रणाची उधारी फिटली. आता फिल्म हाती घेतानाच, मागे काय उरणार हे बघते.

*

मी १६ मिमीच्या फिल्मपट्टीवर काम करतो. १०० फुटांचा रोल सेकंदाला २४ फ्रेम्सच्या वेगाने पावणेतीन मिनिटांत संपतो. वर्षाला चार रोल परवडतात, म्हणजे ११ मिनिटं. बाकी दिवस दुसऱ्यांच्या फिल्म्सचं संकलन. आधी त्या कामाचा राग यायचा. पण कुठे कापायचं हे मला त्यानेच शिकवलं.

*

माझी गोष्ट कलादालनातली. माझी २० मिनिटांची फिल्म थिएटरात लोक पहिल्यापासून बघतात. दालनात कुणी सातव्या मिनिटाला येतं, कुणी बाराव्या, आणि बहुतेक जण जरा थांबून पुढे सरकतात. पहिल्या दिवशी कोपऱ्यात उभी राहून मी हे बघत होते. सगळी भिस्त शेवटच्या दृश्यावर होती आणि तिथवर कुणी थांबतच नव्हतं. पोटात नुसतं कालवत होतं. त्या रात्री पुन्हा संकलनाला बसले. श्रेयनामावली काढली, शेवट सुरुवातीला असा जोडला की सांधा दिसू नये. आता कुठूनही आत शिरलं तरी चालतं.

व्यवहारही निराळा. महोत्सवाची फिल्म हजारोंनी बघावी. दालनातल्या व्हिडिओच्या मात्र मोजक्या प्रती विकतात. माझ्या पाच, शिवाय कलाकाराने स्वतःकडे ठेवायच्या दोन, प्रत्येकीसोबत सहीचं प्रमाणपत्र. हे कळण्याआधीच मी फिल्म नेटवर सगळ्यांसाठी खुली केली होती. प्रीमियर उरला नाही म्हणून एका महोत्सवाने नाकारली, घेऊ पाहणारा संग्राहकही मागे हटला. कुठे आधी आणि कुठे नंतर दाखवायचं, हे फिल्म पुरी होण्याआधी लिहून काढा. कळकळीने सांगते.

*

संगीताचा करार नीट वाचा! माझा फक्त महोत्सवांपुरता आणि दोन वर्षांचा होता. मुदत संपली आणि स्वतःचीच फिल्म दाखवायची सोय उरली नाही. शेवटी ते गाणं काढून तिथे आजीची अंगाई घातली, माझ्याकडे ध्वनिमुद्रित होती. फिल्म सुधारली, पण वर्ष गेलं.

*

मी ५८ वर्षांचा. आईच्या आजारपणात नऊ वर्षं एकही फिल्म केली नाही. 'सध्या काय चाललंय?' असं कुणी विचारलं की उत्तर सुचायचं नाही. तिच्या खिडकीतून रोज सकाळी एक छायाचित्र मात्र काढायचो. ते काम आहे असं तेव्हा वाटलंच नव्हतं.

आन्येस वार्दा आधी छायाचित्रकार होत्या, मग दिग्दर्शक. २००३ला व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, त्या मांडणशिल्प घेऊन गेल्या तेव्हा ७५ वर्षांच्या होत्या. तीन पडदे, आणि त्यांवर सुरकुतलेले, कोंब फुटलेले बटाटे. ते वाचलं त्या दिवशी खिडकीची छायाचित्रं बाहेर काढली. तीन हजारांवर निघाली. ती ओळीने लावतोय. काही सकाळी काचेत आईचा हात दिसतो. १६ मिमीवाले, तुम्हाला विचारायचंय: एकेक छायाचित्र किती वेळ धरू? आणि आवाज लावू का?