खोतांच्या कोठाराचं छप्पर बसायला आलंय, मृगाच्या आत काय करता येईल?

वरचा_आगर
नमस्कार मंडळी. गाव श्रीवर्धन तालुक्यात, पणजोबांकडे खोती होती, म्हणजे गावाचा सारा वसूल करायचा वंशपरंपरागत हक्क. राहतं घर बरं आहे कारण काका-काकू तिथेच असतात, पण मागे खळ्याला लागून भाताचं कोठार आणि त्याला चिकटून बैलांचा गोठा आहे त्याच्याकडे आता बघवत नाही. जांभ्याच्या भिंती, सागाचे खांब, वर नळीची कौलं, त्यातली निम्मी 3 जून 2020 ला निसर्ग वादळात उडाली, तेव्हा काकांनी हाताशी होते तेवढे पत्रे घरावर टाकले आणि कोठार राहून गेलं ते राहूनच गेलं, त्यानंतर एकदाही शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं नीट रचून घेणं, नाही.

मागच्या आठवड्यात आत गेलो होतो. दाराच्या आतल्या फळीवर गेरूच्या रेघा आहेत, चार उभ्या एक आडवी, आजी सांगायची की एक रेघ म्हणजे एक खंडी भात. रेघा अजून स्वच्छ दिसतात, पण त्याच दारावरच्या तुळईत बोट दाबलं तर पेरभर आत गेलं, नुसता ओला भुसा. उत्तरेच्या भिंतीत पिंपळ आलाय, मनगटाएवढा जाड. चुलतभाऊ म्हणतो खांब विकून टाकू, जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन बघून पण गेलाय. मला ते पाडायचं नाहीये. पण पूर्ण दुरुस्तीचे पैसे आज नाहीत, तर निदान हा पावसाळा निघेल असं काय करू?

चुना_आणि_चिरा
दादा, आधी छप्पर, बाकी सगळं नंतर. मी जुन्या घरांची कामं करतो, जांभ्याची भिंत सहजासहजी पडत नाही हो, तिला वरून पाणी मिळालं की पडते. एक कौल सरकतं, पाणी वाशाच्या टोकावर पडतं, वासा जिथे भिंतीवर टेकतो तिथेच कुजतो, तो खचला की शेजारची दहा कौलं सरकतात आणि मग भिंतीच्या माथ्यात पाणी मुरायला लागतं. म्हणून तर दर वर्षी वैशाखात शाकारणी असायची.

आता एवढंच करा. कुजलेल्या तुळईखाली दोन्ही बाजूंनी टेकू द्या, खाली जांभ्याचा सपाट चिरा ठेवून, मातीवर टेकू दिला तर पावसात खचेल. उरलेली कौलं उतरवून गोठ्यात रचून ठेवा, नळीची कौलं आता बनवणारे शोधावे लागतात, एकही फेकू नका. वर बांबूचा सांगाडा करून ताडपत्री, पण ती लाकडाला चिकटवून गुंडाळू नका, हातभर उंच ठेवा आणि दोन्ही टोकं उघडी, वारा खेळला नाही तर आतल्या आत बुरशी धरते आणि वाळवीचं फावतं. पिंपळ ओढून काढू नका, मुळाबरोबर चार चिरे येतील. बुडाशी कापा, फुटला की परत कापा, मूळ मेलं की छिन्नीने काढून भेग चुन्याने भरा. चुन्यानेच. सिमेंट लावलंत तर भिंतीतलं पाणी आतच अडकतं आणि चिरा पापुद्र्यासारखा सुटायला लागतो, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता राग येतो.

खारेपाटातली
तुमची पोस्ट दोनदा वाचली. आमचं घराणं कुळाचं, म्हणजे खोताची जमीन कसणारं. ज्या रेघा तुम्ही बघितल्यात त्यातलं भात आमच्यासारख्यांच्या घरून डोक्यावरून आलेलं असायचं, अर्धेलीने, म्हणजे अर्धं पीक खोताला, आणि पीक बुडालं तरी मागणी थांबायची नाही. आमच्याकडे अलिबागजवळच्या चरी गावचा शेतकऱ्यांचा संप अजून सांगतात, 1933 पासून सहाएक वर्षं लोकांनी खोतांची शेतं पडीक ठेवली, नारायण नागू पाटील पुढे होते, 1937 ला बाबासाहेबांनी कायदेमंडळात खोतीविरुद्ध बिल आणलं, आणि शेवटी 1949 ला खोती नष्ट करणारा कायदा झाला. त्यात कुळकायदा आला, 1 एप्रिल 1957 ला कसणारा मालक झाला. तिथून तुमच्या कोठारात भात यायचं थांबलं असणार आणि भात नाही म्हटल्यावर एवढ्या मोठ्या छपराची शाकारणी दर वर्षी कोण करणार.

तरीही मी म्हणते वाचवा. ती फळी आधी वाचवा. आमच्या आज्यापणज्यांनी काय दिलं याचा आमच्या घरात कागदाचा तुकडा नाही, तुमच्या दारावर निदान रेघा आहेत. काहीही करायच्या आधी उजेडात नीट फोटो काढा, बाजूला मोजपट्टी धरून. आणि गावात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना तिथे नेऊन विचारा, फक्त तुमच्या घरातल्यांना नको, कुळांच्या घरातल्यांनाही.

वरचा_आगर
ताई, खरं सांगतो, आमच्या घरात ही बाजू कोणी बोललंच नाही कधी. फळीचे फोटो रविवारी काढतो. खालच्या वाडीत एक आजी आहेत, त्यांच्या सासऱ्यांकडे आमची शेती होती, त्यांना विचारून बघतो येतील का.

सातबारा_वाचक
एक महत्त्वाचं राहतंय. घरपट्टीच्या उताऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. पणजोबांची वास्तू म्हणजे वारस बरेच असणार, आत्या आणि त्यांची मुलंही आली. सामाईक मिळकतीतले खांब एकट्या चुलतभावाला विकता येत नाहीत, तसंच तुम्हालाही मोठी दुरुस्ती परस्पर करता येणार नाही. पण आज सगळ्यांकडून सगळं मागू नका. फक्त टेकू आणि ताडपत्री, खर्च माझा, हक्कावर काही परिणाम नाही, एवढं एका कागदावर लिहून सह्या घ्या. वाटणीचा विषय काढलात तर मृग काय, दिवाळी येईल.

वरचा_आगर
काल भावाशी बोललो. तो एकदम नाही म्हणाला नाही, म्हणाला गणपतीपर्यंत व्यापाऱ्याला थांबवतो. त्याला बोट घातलेल्या तुळईचा फोटो पाठवला तर त्याचाच परत फोन, म्हणे लहानपणी आपण याच तुळईला झोपाळा बांधायचो. छप्पर मोजलंय, बत्तीस फूट बाय अठरा. बांबू काका बघतायत. चुनावाले दादा, पागोळीसाठी ताडपत्री भिंतीच्या बाहेर किती सोडू?

चुना_आणि_चिरा
दोन फूट तरी सोडा, पश्चिमेला तीन, झड तिकडूनच येते.